एक तरी ठेवल्यानी काय?

मंडळी, आज जरा भांडायला बसलेय. शीर्षक मालवणी आहे, मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी अर्थ सांगते : ‘निदान एक तरी ठेवली का त्यांनी?’ हा प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा. आम्ही त्यांना भाई म्हणतो. वय वर्षं ब्याऐंशी. कुर्ल्याच्या लोकल गाड्यांच्या कारशेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले. आता गावी असतात, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर.

झालं असं, की डिसेंबरात भाच्याने, म्हणजे भाईंच्याच मुलाने, अमेरिकेहून घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. तो न्यू जर्सीला असतो. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत डिसेंबरात तिथलं ट्रान्झिट म्युझियम १९३० च्या दशकातले डबे बाहेर काढतं आणि नेहमीच्या रुळांवर चालवतं. छताला पंखे, साधे पिवळे बल्ब, वेताने विणलेल्या सीटा. माणसं जुन्या पद्धतीचे कोट-टोप्या घालून आलेली, पोरंटोरं खिडकीला नाक लावून बसलेली. आणि तिकीट? रोजच्या गाडीचं असतं तेच. वेगळं काही नाही.

मी फोन घेऊन भाईंकडे गेले. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा करून फोन त्यांच्या कानाशी धरला. चित्राकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. डोळे मिटून ऐकत राहिले. गाडी सुटली, खालून घर्र घर्र आवाज चढत गेला, तसे म्हणाले, “अगो, ह्यो आवाज आमच्या गाडयेचो!” पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, “तेंनी ठेवल्यानी. आमच्यांनी एक तरी ठेवल्यानी काय?”

मी काहीच बोलले नाही. आज बोलते.

आधी ‘आमची गाडी’ म्हणजे कुठली ते सांगायला हवं, कारण आमच्या घरातल्या तरुण मंडळींनाही ते ठाऊक नाही. भारतातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून, हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचं उद्‌घाटन केलं. वरच्या तारेत वीज होती १५०० व्होल्टची, डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. पुढे डबे बदलले, परदेशी डब्यांच्या जागी आपल्याकडे बनलेले आले, चार डब्यांचे नऊ आणि नवाचे बारा झाले, पण वीज तीच राहिली. मग ती बदलून २५,००० व्होल्टची एसी वीज करायचं ठरलं. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर सीएसटी-ठाण्याचं २०१५ मध्ये, आणि सगळ्यात शेवटी हार्बर. शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री सुटली, कुर्ल्याहून बोरीबंदरला. पहिली तिथून कुर्ल्याला गेली होती, शेवटची कुर्ल्याहून तिथे परत आली. मधे एक्क्याण्णव वर्षं.

वीज बदलली ते बरोबरच झालं, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हातारी जुन्याला कवटाळून बसलीय म्हणाल. भाईंनीच मला हे समजावलं होतं. व्होल्टेज कमी असलं की तेवढीच शक्ती द्यायला करंट फार लागतो, मग तारा जाड लागतात, सबस्टेशनं जवळजवळ लागतात, आणि गाड्या वाढवायच्या म्हटलं की सगळंच अपुरं पडतं. २५,००० व्होल्टला ही अडचण राहत नाही. शिवाय नव्या गाड्या ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात. जुन्या गाडीत ती उष्णता होऊन वाया जायची. तेव्हा ज्यांनी वीज बदलली त्यांच्याशी माझं भांडण नाही.

माझं भांडण आहे ते आपल्या जतन करण्याच्या कल्पनेशी. आपल्याकडे जतन म्हणजे काय? वस्तू उभी करायची, रंग द्यायचा, भोवती साखळी लावायची, पाटी लावायची आणि फोटो काढायचा. झालं जतन. देवळाला, किल्ल्याला, वाड्याला हे चालतं, कारण ती उभीच असतात. पण जी वस्तू चालण्यासाठीच केली तिला उभी करून ठेवणं म्हणजे तिचा मृतदेह जपणं.

बोरीबंदरचंच घ्या ना. त्या इमारतीला २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. फार चांगलं झालं. तिचा एक दगड हलवायचा तरी दहा जणांची परवानगी लागते. आणि त्याच छपराखालून एक्क्याण्णव वर्षं जी गाडी माणसं वाहत होती, जिच्यामुळे ते स्टेशन रोज भरत होतं, ती मोडीत. त्याच स्टेशनाच्या आवारात जुनी इंजिनं मांडून ठेवली आहेत. त्यात १९२८ चं ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं विजेचं इंजिनही आहे. घाटात मालगाड्या ओढणारं हे इंजिन, रेल्वेची माणसं त्याला ‘खेकडा’ म्हणायची. दिसतंही तसंच, पुढे-मागे नांग्या असल्यासारखं. आता ते उभं आहे. त्याला बघून कुठल्या मुलाला कळणार, की ते चालताना कसं चालायचं, कसं ओरडायचं?

३ फेब्रुवारी २०२५ ला विजेच्या गाडीला शंभर वर्षं झाली. शताब्दी साजरी झाली, कौतुकं झाली. फक्त जिची शताब्दी ती गाडी तेवढी नव्हती. लग्नात नवरी नसावी तसं.

खरं सांगू का, आपल्याला निरोप फार छान देता येतो. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली तेव्हा रस्त्यावर माणसं लोटली होती. शेवटच्या डीसी लोकलच्या बातम्या आल्या. बेस्टची जुनी डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली तेव्हाही लोकांनी गाडी सजवली, हार घातले, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला. आपल्या आगबोटींचंही तेच झालं नाही का? मालवणला बोट लागायची, बंदरातून होडीने बोटीपर्यंत जायचं, पोरांना आणि फणसांना एकाच पद्धतीने वर ओढून घ्यायचे, हे आमच्या पिढीला आठवतं. आता फक्त आठवतं.

होडीवरून आठवलं. आमच्या शेजारी रापणीवाल्यांचं घर होतं. तेव्हा सगळ्या होड्या लाकडाच्या. पावसाळ्यात होडी वर ओढून झाकून ठेवायची. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला फळ्यांचे सांधे तपासायचे, कापूस भरायचा, तेल द्यायचं आणि पाण्यात लोटायची. एका वर्षी घरात दुखणं आलं आणि होडी पाण्यात गेलीच नाही. दुसऱ्या वर्षी बघतात तर फळ्या सुकून सांधे उघडे पडलेले. होडीला पाण्याने काही होत नाही, कोरडं ठेवल्याने होतं, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं. गाड्यांच्या बाबतीत मात्र आपण शिकलेली माणसं हे विसरतो. भाई वेगळ्या शब्दांत तेच सांगतात, “गाडी उभी ठेवलंस काय मरतली.” वंगण सुकतं, रबर तडकतं, तांब्याची तार चोर नेतो.

चोर म्हटलं ते उगाच नाही. ‘फेअरी क्वीन’ नावाचं वाफेचं इंजिन १८५५ चं. संग्रहालयातून काढून १९९७ मध्ये ते पुन्हा चालवलं, दिल्लीहून अलवरला पर्यटकांना घेऊन जाऊ लागलं, जगातलं सगळ्यात जुनं चालतं इंजिन म्हणून गिनीज बुकात नाव आलं. मधे ते बंद होतं, तर त्याचे भाग चोरीला गेले. मग पुन्हा दुरुस्त करून २०१७ मध्ये चालवलं. रोज ज्याला कोणी हात लावतं त्या वस्तूचा साधा बोल्ट गेला तरी संध्याकाळपर्यंत कळतं.

आणि दुसरी गोष्ट, माझ्या मते जास्त महत्त्वाची. गाडी उभी राहिली की फक्त गाडी मरत नाही, तिच्याबरोबर ती चालवणाऱ्याच्या हातातली विद्या मरते.

निलगिरीच्या रेल्वेचं पाहा. मेट्टुपालयम ते कुन्नूर चढावर अजून वाफेचं इंजिन गाडी ढकलतं, दातेरी रुळावरून. ती गाडी चालती आहे म्हणून तिला इंजिनं लागतात. लागतात म्हणून तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात या शतकात चक्क नवी वाफेची इंजिनं बांधली गेली. विचार करा, जग वाफ विसरलं तरी तमिळनाडूतले कारागीर बॉयलर बांधताहेत. ते काही तिथल्या माणसांना जुन्याचं वेड आहे म्हणून नव्हे, गाडी चालू आहे म्हणून. आपलं माथेरानही तसंच. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. २००५ च्या पावसाने तिचा मार्ग धुऊन नेला, ती २००७ मध्ये पुन्हा धावली. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच, आणि २२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळहून पुन्हा सुरू. दोनदा डोंगराने खाल्लेली गाडी दोनदा उभी राहिली, कारण लोक तिकीट काढून तिची वाट बघत होते. संग्रहालयातल्या डब्याची वाट कोण बघतं?

भाईंच्या हातात काय विद्या होती ते मला १९८० नंतरच्या एका सहलीत कळलं. सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही मुंबईला गेलो होतो. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली १९९८ मध्ये, त्यामुळे आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी आगगाडी म्हणून चित्रातच पाहिलेली. एसटीने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठली. संग्रहालय पाहिलं, राणीची बाग पाहिली. भाई बोरीबंदरला भेटायला आले आणि आम्हा सगळ्यांना लोकलने कुर्ल्यापर्यंत घेऊन गेले. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. गाडी सुटली तसा एका मुलाने विचारलं, “बाईनू, गाडी सुटताना खाली कोण ठोकता?”

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. मला काय ठाऊक खाली कोण ठोकतं! भाई मात्र खूश झाले. खालीच उकिडवे बसून त्यांनी मुलांना सांगितलं, की वरच्या तारेतली वीज मोटारीला एकदम दिली तर ती सोसणार नाही. म्हणून आधी मोटारी एकामागे एक जोडायच्या आणि मधे लोखंडी जाळ्यांचा अडथळा घालायचा. मग एकेक अडथळा काढत जायचा. वेग आला की मोटारींची जोडणी बदलून त्या शेजारी शेजारी करायच्या, म्हणजे प्रत्येकीला जास्त वीज. दर पायरीला खाली एक मोठं बटण पडतं, खट्! त्याचं नाव कॉन्टॅक्टर. “आता कान देवन आयका,” म्हणाले. पुढच्या स्टेशनाहून गाडी सुटली तेव्हा वीस-पंचवीस मुलं एका सुरात मोजत होती, एक, दोन, तीन, चार... डब्यातले लोक आमच्याकडे बघत होते.

परत आल्यावर ‘आमची मुंबईची सहल’ हा निबंध दिला. संग्रहालयाला प्रत्येकाने दोन ओळी दिल्या होत्या. लोकलला पानभर. शिक्षक म्हणून छत्तीस वर्षं काढली, त्यातला हा एक धडा मला मुलांनी शिकवला : काचेच्या पेटीतलं मुलं पाहतात, चालत्या वस्तूतलं मुलं शिकतात.

आता दुसरी बाजू. ती मांडायला मला लांब जावं लागलं नाही, भाच्यानेच फोनवर मांडली. तो इंजिनिअर आहे, आणि मुद्देसूद भांडतो. (आत्याचे गुण!)

त्याचा पहिला मुद्दा : “आत्या, न्यूयॉर्कचं आणि मुंबईचं सारखं नाही. तिथे रुळाशेजारच्या पट्टीतली वीज बदलली नाही, म्हणून नव्वद वर्षांपूर्वीचा डबाही सुरू होतो. मुंबईत डीसी वीजच उरली नाही. गाडी ठेवली असती तरी चालवणार कशावर?”

मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि मी तो भाईंपुढे ठेवला. ते हसले. म्हणाले, वीज बदलत होती त्या वर्षांत दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत धावतच होत्या, अर्धा मार्ग या विजेवर, अर्धा त्या. म्हणजे विद्या होती. एका डब्यात ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर बसवून २५,००० व्होल्टची एसी खाली आणून १५०० ची डीसी करायची आणि जुन्या मोटारींना द्यायची. खर्चाचं काम आहे, अशक्य नाही. तेही नको असेल तर सरळ इंजिन लावून ओढा. लंडनने २०१३ च्या जानेवारीत भुयारी रेल्वेची दीडशे वर्षं साजरी केली तेव्हा १८९८ चं वाफेचं इंजिन भुयारात नेलं, जुने लाकडी डबे जोडून, आणि मदतीला मागे विजेचं इंजिन ठेवलं. करायचं असलं की वाट निघते.

आणि कोलकात्याचं काय? तिथे तर वीज बदलण्याचीही सबब नाही. देशातली पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ ला तिथे सुरू झाली. तिचे ते जुने, एसी नसलेले डबे बरोबर सदतीस वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०२१ ला, निवृत्त केले. रुळाशेजारच्या पट्टीत वीज तीच, ७५० व्होल्टची. म्हणजे न्यूयॉर्कसारखंच, वर्षातून चार दिवस एक जुनी गाडी काढता आली असती. भारतातला पहिला भुयारी प्रवास कसा होता, ते नातवाला शेजारी बसवून दाखवता आलं असतं.

भाच्याचा दुसरा मुद्दा ऐकून मात्र मी गप्प झाले. “आत्या, जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं चालत्या लोकलमधून पडून मेली. रोजच्या माणसाला आत उभं राहायला जागा नाही, आणि तुम्हाला हौशी लोकांसाठी जुनी गाडी हवी?”

याला सहज उत्तर नाही, आणि मी देणारही नाही. आपल्या कोकणातली किती घरं त्या लोकलच्या दाराशी लटकून चालली आहेत ते मला माहीत आहे. माझी दोन चुलत भावंडं डोंबिवलीहून तशीच गेली-आली आयुष्यभर. रोजच्या गाडीची एकही फेरी काढून घेऊन जुनी गाडी चालवू नये, हे माझंही म्हणणं. पण मला सांगा, उभी करून ठेवलेल्या इंजिनांमुळे कुणाची गर्दी कमी झाली? गाडी मोडीत काढली म्हणून दारातला एक तरी माणूस आत आला? या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतच नाहीत. महिन्यातून एका रविवारी, जिथे मुख्य मार्गाएवढी गर्दी नाही अशा उरणच्या मार्गावर, दुपारी एक फेरी. बसायला जेवढ्या जागा तेवढीच तिकिटं. दारांना अडसर. वेग कमी. एवढंच मागतेय मी. उलट मला वाटतं, लोकल ही फक्त कोंबून नेणारी पेटी नाही, ती आपली आहे, तिला मान आहे, असं ज्या शहराला वाटेल ते शहर तिच्या दारातल्या माणसाचीही जास्त काळजी करील.

तिसरा मुद्दा पैशाचा आणि ‘हे श्रीमंतांचे चोचले’ हा. हे खरं होऊ शकतं, म्हणून त्यावर माझी अट आहे. आपल्याकडे ‘हेरिटेज’ हा शब्द लागला की तिकिटाला पुढे शून्य लागतं, आत चहा-सँडविच येतं, आणि ज्याने त्या गाडीत उभं राहून आयुष्य काढलं तोच बाहेर राहतो. तसं होणार असेल तर नकोच ती गाडी. न्यूयॉर्कसारखं रोजचंच तिकीट हवं. गिरणीत काम केलेल्या आजोबांना, गावाहून सहलीला आलेल्या सातवीच्या वर्गाला परवडेल असं.

शेवटी भाचा म्हणाला, “पण आता बोलून काय उपयोग? डीसी गेली ना!”

इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. डीसी गेली, मान्य. पण २००७ पासून मुंबईत आलेल्या त्या पांढऱ्या-जांभळ्या सीमेन्सच्या गाड्या? त्यांचंही वय होत चाललंय. लोकलच्या डब्याचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं धरतात. म्हणजे आणखी काही वर्षांत त्याही मोडीत निघायला लागतील, बंद दारांच्या एसी गाड्या त्यांची जागा घेतील, आणि ते योग्यच असेल. पण त्या चालतात आजच्याच विजेवर! वीज नाही ही सबब तिथे चालणार नाही. त्यांना दुरुस्त करणारी माणसं नोकरीत आहेत, सुटे भाग मिळताहेत. एक गाडी आत्ताच ठरवून ठेवली, तिचा नंबर लिहून ठेवला, ही मोडीत जाणार नाही, ही चालत राहील, तर पंचवीस वर्षांनी आजची पोरं आपल्या पोरांना ती दाखवतील. सुटताना ती कशी सूर लावायची, खिडकीतून वारा कसा यायचा, चौथी सीट म्हणजे काय असायची!

तुम्ही म्हणाल, त्या साध्या लोकलमध्ये जपण्यासारखं काय आहे? तेच तर! १९६० साली ट्रामबद्दल सगळे असंच म्हणत होते. वस्तू जपायची वेळ ती साधी वाटत असते तेव्हाच असते. दुर्मीळ झाल्यावर जे करतो त्याला जतन म्हणत नाहीत, शोधाशोध म्हणतात.

आता एक कबुली दिली नाही तर हा लेख खोटा ठरेल. भाई नोकरीत असताना वह्या लिहायचे. गाडीत बिघाड कुठला, आवाज कसा येत होता, शेवटी कारण काय निघालं, बाजूला पेन्सिलने आकृती. शिक्षण सातवी, पण अक्षर मोत्यासारखं. निवृत्त होऊन आले तेव्हा सात-आठ वह्यांची ती पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर ठेवली होती. २००४ मध्ये घरात लग्न निघालं, घर रंगवायला काढलं, आणि मी माळा रिकामा केला. ट्रंक कामाची म्हणून ठेवली. वह्या तेलकट, कडा कुरतडलेल्या... रद्दीवाल्याला दिल्या. किलोवर. भाईंनी नंतर विचारलं तेव्हा खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “जांव दे. आता कोणाक व्हयी होत्यो?” पण त्या दिवशी ते जेवले नाहीत हे मला वहिनीने दोन वर्षांनी सांगितलं.

तेव्हा रेल्वेला शिकवण्याआधी मी स्वतःला चार छड्या मारून घेतल्या आहेत. मी जे माळ्यावर केलं तेच आपण सगळीकडे करतो. ट्रंक ठेवतो, वह्या टाकतो. इमारत ठेवतो, गाडी टाकतो.

व्हिडिओ पाहिल्यापासून मी रोज संध्याकाळी अर्धा तास भाईंकडे जाते. फोनवर रेकॉर्ड करते. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण प्रश्न विचारते, आणि ते तोंडाने आवाज काढून दाखवतात : ब्रश झिजला की असा, बेअरिंग गेलं की असा, कॉन्टॅक्टर चिकटला की आवाजच नाही आणि मग गाडी झटका देते. मोटारीचा आवाज काढताना ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या गळ्याच्या शिरा फुगतात. वहिनी आतून ओरडते, “पुरे झाली ती कारशेड, औषध घेवा!” भाचा एप्रिलमध्ये येणार आहे, तो उरलेलं तांत्रिक विचारील. आत्तापर्यंत अकरा संध्याकाळी झाल्या.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी कारशेडमधले, मोटरमन, गार्ड, ट्रामचे कंडक्टर, आगबोटीवरचे खलाशी असे कुणी असतील तर त्यांच्याजवळ बसा. डीसी गाड्यांवर काम केलेली, २०१६ मध्ये पन्नाशीत असलेली माणसं आज साठीत आहेत, त्यांचे हात अजून चालतात. रेल्वेतल्या कुणी हे वाचलं तर एका गाडीचा नंबर तेवढा लिहून ठेवावा. आणि वह्या सापडल्या तर, देवाशपथ, टाकू नका.

काल रेकॉर्डिंग संपल्यावर भाईंनी विचारलं, न्यूयॉर्कवाल्यांची ती गाडी पुढच्या डिसेंबरातही सुटणार का? म्हटलं, सुटेल की. म्हणाले, “मग पोराक सांग, सुटतानाचो आवाज नीट घी म्हणान. ह्या येळेक माणसांचीच बडबड जास्ती.”